बाप्पाचं पोट कुठे गेलं?

लालबागमधल्या एका मंडळाचा स्वागताचा फ्लेक्स. वीस फूट रुंद. रात्री अकराला छापून आला, पोरांनी बांबूवर चढवला, दोऱ्या आवळल्या, आणि खाली उभ्या असलेल्या अध्यक्षांनी मान वर करून विचारलं, "काय रे, बाप्पा आजारी होता काय?" फोटोतला गणपती चक्क सडपातळ झाला होता. सोंड लांबुडकी, कान अरुंद, पोट तर गायबच. बाजूच्या शुभेच्छुकांचेही गाल बसलेले. त्यातले एक भारदस्त नगरसेवक तेवढे खूश होते म्हणतात. बाकी मंडळाने रात्रीतून दुसरा फ्लेक्स मारून घेतला आणि पहिल्याचे पैसे दिले नाहीत.

फ्लेक्सवाल्यांच्या कट्ट्यावर हा किस्सा अजून निघतो आणि प्रत्येक वेळी डिझायनरला शिव्या पडतात. खरं तर त्या पोराचा डोळा फारच पक्का होता. परळच्या एका गाळ्यात तो सत्तावीस इंची आयमॅकवर काम करायचा आणि त्या आयमॅकवर विंडोज होतं. आदल्याच दिवशी फॉरमॅट मारून ते नव्याने टाकलं होतं आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बसायचा राहिला होता. अशा वेळी विंडोज स्वतःजवळचा कामचलाऊ ड्रायव्हर लावतं आणि पडदा १०२४ बाय ७६८ वर आणून ठेवतं. हे माप जुन्या डबा मॉनिटरचं, चारास तीन. आयमॅकची काच सोळास नऊ. साहजिकच सगळं रुंदीत ताणलं जातं. गोल काढला तर अंडं दिसतं. पोराने एकेक फोटो आत घेतला, तो जाडा वाटला, म्हणून डोळ्याने जोखून रुंदी कमी केली. किती? पंचाहत्तर टक्के. आता कागदावर गणित मांडून बघा: चारास तीनचं चित्र सोळास नऊवर ताणलं, तर ते सरळ दिसायला रुंदी बरोबर पाऊणपटच करावी लागते. म्हणजे पोर अचूक होतं, पडदा खोटा बोलत होता. छापायच्या यंत्राने पडद्याचं ऐकलं नाही, आकडा वाचला आणि बाप्पाचं पाव पोट कापलं.

मॅकवर विंडोज टाकायचं हा उलटा कारभार मुळात का करायचा, असं कुणीही विचारेल. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात त्याला तितकंच उलटं कारण होतं. मराठी अक्षर जुळवण्याचं सगळं काम विंडोजवर वाढलं होतं. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम ही नावं डीटीपीवाल्याला पाठ. मजकूर पेजमेकरमध्ये लावायचा, मुखपृष्ठ आणि फ्लेक्स कोरलमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची. मॅकच्या नव्या ओएस एक्ससाठी ते कधी लिहिलंच गेलं नाही. कोरलने अकराव्या आवृत्तीनंतर मॅकचा नाद सोडला. थ्रीडी मॅक्स मॅकवर कधी आलंच नाही, त्यामुळे मंडपाचे देखावे आधी संगणकावर उभे करून दाखवणाऱ्यांनाही विंडोज हवंच. उलट एडिटिंगवाल्यांचं फायनल कट प्रो फक्त मॅकवर. त्यात लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात जाहिरात एजन्सीवाले, स्टुडिओवाले येऊन बसले. ते लोक गाळ्यात आले की पहिली नजर टेबलाकडे जायची. समोर सफरचंद दिसलं की दर वाढवून मागता यायचा. मग काय, गिऱ्हाइकासाठी मॅक आणि पोटासाठी विंडोज, एकाच पेटीत.

कामाची भाषाही त्यावरून ठरली. "ऑप्शन दाबून चालू कर" हे वाक्य त्या काळात शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. यंत्र चालू होताना ऑप्शनची किल्ली दाबून धरली की दोन चित्रं समोर येतात, एक मॅकचं, एक विंडोजचं. गिऱ्हाईक बसलेलं असेल तर कुठलं निवडायचं, हे सांगावं लागायचं नाही. याला जोडूनच एक भानगड होती. २००९ पर्यंत मॅकचा गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसतात ते ठरवणारा आकडा, १.८ असायचा आणि विंडोजचा २.२. त्यामुळे मॅकच्या बाजूला गिऱ्हाइकाने पास केलेला भगवा त्याच काचेवर विंडोजमध्ये गडद दिसायचा. जुने लोक अशा वेळी काचेकडे बघतच नसत, शेडकार्ड काढून टक्केवारी वाचत.

या सगळ्याची सुरुवात परदेशात झाली आणि तीही ड्रायव्हरच्या रडगाण्यानेच. १० जानेवारी २००६ ला इंटेलच्या चिपवर चालणारा पहिला आयमॅक जाहीर झाला. आता यावर विंडोज चालायला काय हरकत, असं जगभर वाटलं, पण चालेना. कॉलिन नेडरकूर्न नावाच्या तरुणाने स्वतःचे १०० डॉलर टाकून बक्षीस लावलं, लोकांनी वर्गणी घातली आणि रक्कम १३,८५४ डॉलरवर गेली. मार्चमध्ये दोन पोरांनी टोपणनावाने ते जिंकलं. विंडोज एक्सपी मॅकवर उभं राहिलं, पण ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्हता. खिडकी सरकवली की ती तुकड्यातुकड्यांनी सरकायची आणि खेळ वगैरे विसराच. मग ५ एप्रिल २००६ ला अ‍ॅपलने स्वतःच मॅकवर विंडोज बसवून देणारं बूट कॅम्प काढलं, सोबत ड्रायव्हरांची सीडी आपण बनवून घ्यायची सोय. २००७ च्या ऑक्टोबरात मॅकची लेपर्ड सिस्टीम आली तेव्हा बूट कॅम्प तिचाच भाग झालं आणि ड्रायव्हर डीव्हीडीवर आले. ही डीव्हीडी लक्षात ठेवा.

आता मूळ दुखण्याकडे. ग्राफिक्सची चिप एएमडीची किंवा एन्व्हिडियाची. ती ज्या बोर्डावर बसते तो बोर्ड आणि त्याचं फर्मवेअर अ‍ॅपलचं. वर चालणारी सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचा हार्डवेअर आयडी उघडून पाहिला की तिघांची कुंडली दिसते: १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एन्व्हिडिया, आणि शेवटाकडे १०६बी दिसलं की बोर्ड अ‍ॅपलचा. चिपवाल्यांचा सर्वसाधारण ड्रायव्हर हे १०६बी बघून मागे सरायचा, कारण लॅपटॉपच्या किंवा खास बनवून घेतलेल्या कार्डांचा ड्रायव्हर ज्याने यंत्र बनवलं त्याने द्यायचा असा त्या धंद्याचा रिवाज. यंत्र बनवणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या सिस्टीमवर. विंडोजचे ड्रायव्हर तो एकदा द्यायचा आणि वर्षानुवर्षं तेच चालायचे.  पुढे एएमडीने बूट कॅम्पसाठी वेगळे ड्रायव्हर अधूनमधून दिले हे खरं, पण ते मोजक्या मॉडेलांपुरते.

ही उणीव कुणी भरून काढली? लॅमिंग्टन रोडने. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनवरून पाच-दहा मिनिटं, गिरगावच्या छापखान्यांना तर शेजारच. पदवीबिदवी नसलेली, पण बोर्ड उघडून हातात घेतलेली पोरं तिथे बसायची.

गिरगावातल्या एका छापखान्याचे आप्पा. ज्या गल्ल्यांनी निर्णयसागर, कर्नाटक प्रेस, मौज पाहिली, तिथलाच हा एक लहान छापखाना. हंगाम दिवाळी अंकांचा, म्हणजे गणपती विसर्जनानंतर श्वास घ्यायला फुरसत नाही असा. यांच्याकडे २०१० चा सत्तावीस इंची आयमॅक, त्यावर विंडोज ७. ते बिघडलं, फॉरमॅट मारावं लागलं, आणि मघाशी सांगितलेली डीव्हीडी सापडेना. कपाटं उपसली, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यातही बघितलं. शेवटी पुतण्याने यंत्राच्या माहितीत कार्डाचं नाव वाचलं, रेडिऑन एचडी ५७५०, आणि त्या नावाचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवला. इन्स्टॉलर म्हणाला, योग्य कार्ड सापडलं नाही. पुन्हा उतरवला, पुन्हा तेच. मग लॅमिंग्टन रोडवरचा पोरगा आला. त्याने आयडी वाचला आणि हसला.

"आप्पा, हे कार्ड नाव खोटं सांगतंय."

"म्हणजे डुप्लिकेट? अरे, बिल आहे माझ्याकडे!"

"माल असलीच आहे हो. नाव डेस्कटॉपचं लावलंय, आत चिप लॅपटॉपची."

आणि ते अक्षरशः खरं होतं. त्या आयमॅकमधलं ५७५० म्हणजे प्रत्यक्षात मोबिलिटी रेडिऑन एचडी ५८५०. पातळ पेटीत डेस्कटॉपचं कार्ड तापून मरेल, म्हणून लॅपटॉपची चिप बसवायची आणि नाव डेस्कटॉपचं द्यायचं, हा प्रकार तेव्हाच्या आयमॅकमध्ये सर्रास होता. पोराने ड्रायव्हरच्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली. ती साध्या मजकुराचीच असते. कुठल्या आयडीला कुठला ड्रायव्हर लावायचा याची ती यादी. त्यात त्याने या कार्डाचा आयडी एका ओळीत लिहून घातला. झालं. पण फाइलला हात लावला की तिची डिजिटल सही मोडते आणि चौसष्ट बिटचं विंडोज सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. त्यावर तोडगा म्हणजे चालू होताना एफ८ दाबून सहीची तपासणी बंद करायची. अ‍ॅपलच्या कीबोर्डावर एफ८ वर गाणं थांबवायची खूण, ती किल्ली अशा वेळी भरवशाची नाही, म्हणून पोराने पिशवीतून स्वतःचा मळका कीबोर्ड काढून जोडला. पडदा एकदम २५६० बाय १४४० वर आला. आप्पांनी नमस्कार केला, पोराला की पडद्याला ते सांगता येत नाही.

गंमत पुढे आहे. एफ८ ची ही सवलत फक्त त्या एका वेळेपुरती. यंत्र बंद करून चालू केलं की विंडोज पुन्हा सही मागणार. कायमचा उपाय होता, पण त्यात अर्धा दिवस जाणार आणि मुखपृष्ठाच्या प्लेटा संध्याकाळी जायच्या होत्या. पोराने सांगितलं, "दिवाळीपर्यंत हे बंदच करू नका." मग आयमॅकवर लाल पेनाने चिठ्ठी लागली, "बंद करू नये". प्लगवर चिकटपट्टी बसली. यूपीएसला नवी बॅटरी आली. रात्री झाडलोट करणाऱ्या मावशींना आप्पांनी स्वतः बजावलं की या टेबलाखाली झाडू घालायचा नाही. अंक वेळेवर निघाला. पोराने मजुरी घेतली नाही, अंकाच्या मागच्या बाजूला दुकानाची पाव पान जाहिरात मागितली. मला विचाराल तर त्या अंकातली सगळ्यात खरी कमाई तीच.

लोअर परळच्या स्टुडिओंमधलं दुखणं वेगळं होतं, तापाचं. तिथे लॅपटॉप फिरायचे. त्या काळातल्या पंधरा इंची मॅकबुक प्रोमध्ये दोन ग्राफिक्स असत: इंटेलचं लहान, बॅटरी वाचवणारं, आणि रेडिऑनचं मोठं, ताकदीचं. मॅकची सिस्टीम गरजेप्रमाणे एकावरून दुसऱ्यावर जायची. विंडोज सुरू केलं की फर्मवेअर इंटेलचं दार बंद करून टाकायचं. विंडोजला ते दिसायचंच नाही. साधी पत्राची फाइल उघडली तरी मोठं कार्ड पेटलेलं, पंखा ओरडतोय, बॅटरी बघता बघता उतरलेली. त्यावर रात्रभर थ्रीडी मॅक्सचा रेंडर लावला की लॅपटॉप पालथा घालून खाली दोन वह्या सरकवायच्या, समोर टेबल फॅन, ही रीतच होती.

एका कला-दिग्दर्शकाच्या मदतनिसाचा किस्सा यातलाच. मंडपाच्या देखाव्याची फिरती फिल्म दुसऱ्या दिवशी मंडळाला दाखवायची होती. पहाटे पडद्यावर उभे पट्टे आले, निळे, समान अंतरावर, आणि सगळं थिजलं. त्याने ड्रायव्हर काढला, घातला, जुना घातला. पट्टे जागचे हलेनात. ड्रायव्हरचा दोष असता तर विंडोज सुरू होण्याआधी, नुसत्या पांढऱ्या पडद्यावर पट्टे दिसले नसते. हे निदान त्याला लॅमिंग्टन रोडवर फुकटात मिळालं. गेली होती ती चिप. २०११ सालच्या मॅकबुक प्रोंमध्ये हे इतकं झालं की फेब्रुवारी २०१५ मध्ये अ‍ॅपलला फुकट दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. त्याआधी लोकांचा आसरा म्हणजे 'चिप लेव्हल' अशी पाटी लावलेली दुकानं. तिथे चिप उपटून खालचे कथलाचे बारीक मणी नव्याने लावून देत. त्याला रीबॉलिंग म्हणतात. कधी वर्षभर चालायचं, कधी दुकानाची पायरी उतरेपर्यंत. अशा मेलेल्या चिपच्या लॅपटॉपवर मॅकची बाजू काही खटपटी करून इंटेलच्या जोरावर जगवता यायची. विंडोजला तीही पळवाट नव्हती. मदतनिसाने मंडळाला शेवटी कागदावरची रेखाटनं दाखवली आणि देखावा त्यावरच पास झाला.

नाटकवाल्यांचा एक प्रसंग थोडक्यात. दादरला संध्याकाळचा प्रयोग, मागे प्रोजेक्टरवर पावसाची, चाळीची, समुद्राची दृश्यं. ती विंडोजमधून चालायची, लॅपटॉप मॅकचा. दुपारी कुणीतरी त्याला थिएटरचं वायफाय जोडून दिलं. विंडोज अपडेटने संधी साधली, नीट चाललेला ड्रायव्हर काढून स्वतःजवळचा नवा घातला आणि प्रोजेक्टर काळाठिक्कर. दुसरी घंटा झाली होती. बॅकस्टेजच्या दादांनी डोकं शांत ठेवून ऑप्शन दाबला, मॅकची बाजू उघडली आणि तालमीसाठी काढून ठेवलेल्या व्हिडिओ फाइली एकेक करून स्पेसबारवर चालवल्या. समुद्र जरा उशिरा आला. नायकाने तोवर खिडकीशी उभं राहून पदरचं एक वाक्य म्हटलं, त्याला टाळी पडली आणि पुढच्या प्रयोगांत ते वाक्य कायम झालं. असे अपडेट रोखायला मायक्रोसॉफ्टनेच एक लहानसं साधन दिलं होतं, नको तो अपडेट लपवून ठेवणारं. दादांनी ते बसवलं. शिवाय पाटीही लावली: प्रयोगाच्या दिवशी नेट बंद.

आता हा खेळ जवळपास संपला आहे, आणि संपला तोही तिरकसपणे. २०१९ मध्ये कोरल मॅकवर परत आलं. म्हणजे मॅकवर विंडोज टाकायचं मोठं कारण गेलं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले आणि त्यांवर बूट कॅम्पच नाही. त्यांवर विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती मॅकच्या आतच विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्समध्ये चालते, फेब्रुवारी २०२३ पासून मायक्रोसॉफ्टच्या संमतीने. तिथे ग्राफिक्सचा ड्रायव्हर पॅरलल्स स्वतः देतं, त्यामुळे लंबगोल गणपतीची भीती नाही. पण डीटीपीवाल्याची गाडी दुसरीकडे अडकते: त्याच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे परवान्यासाठी यंत्राला जोडून ठेवायची किल्ली. इंटेलसाठी लिहिलेले साधे प्रोग्रॅम एआरएम विंडोज चालवून घेतं. सिस्टीमच्या गाभ्यात शिरणारे ड्रायव्हर मात्र घेत नाही, आणि डोंगलचा जुना ड्रायव्हर नेमका त्या जातीचा. एका ड्रायव्हरपासून सुटका झाली, तर दुसरा दारात.

त्यामुळे गिरगाव-परळच्या गाळ्यांत इंटेलचे आयमॅक अजून आहेत. त्यांत विंडोज १० आणि पेजमेकरच्या जुन्या फाइली. या विंडोजचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाचं सुरक्षेचं हार्डवेअर लागतं, ते या मॅकांवर विंडोजला मिळत नाही. काही जण तपासणी चुकवून घालतात, पण त्या वाटेने गेलात तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुनाच राहणार हे धरून चला.

असं एखादं यंत्र तुमच्याकडे असेल तर दोन कामं करून ठेवा. एक, यंत्राचा मॉडेल क्रमांक लिहून ठेवा. उदाहरणार्थ आप्पांचा आयमॅक होता ११,३. तो दिला की ब्रिगेडियर नावाचं फुकट साधन अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून त्याच मॉडेलचे विंडोज ड्रायव्हर उतरवून देतं. ते फोल्डर दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, एक गाळ्यात, एक घरी. दुसरं काम जास्त महत्त्वाचं: जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, यंत्र चालू आहे तोवर. पेजमेकरच्या जुन्या फाइली पुढच्या यंत्रावर उघडतीलच याचा भरवसा नाही.